प्रस्तावनेतलं एक वाक्य

वैजयंती टिपणीस खोटं बोलत नाही, ही कार्डिफच्या मराठी मंडळातली फार जुनी तक्रार. गणपतीच्या जेवणाला कुणी हौसेने पुरणपोळ्या करून आणाव्यात, चारचौघांनी "वा वा" म्हणावं, आणि या बाईने तोंडावर सांगावं, "पुरण छान आहे हो, कडा मात्र कच्च्या राहिल्यात." स्मरणिकेत कुणी लिहिलं की मंडळ त्र्याहत्तर साली स्थापन झालं, की हिचा ईमेल हजर: पहिल्या सभेचा कागद अठ्ठ्याहत्तरचा आहे, त्र्याहत्तरचा पुरावा दाखवा. आडनावच टिपणीस, टिपून ठेवणं रक्तातच असणार, असं म्हणून लोक सोडून देत. त्यावरही ती सांगायची की आडनाव सासरचं आहे, रक्ताचा काही संबंध नाही.

अशी ही बाई एकदा खोटं बोलली, तेही छापून.

पुण्यात इतिहासाचं एमए करताना ती मोडी वाचायला शिकली आणि तेव्हापासून जी जुन्या कागदांच्या नादी लागली ती लागलीच. पंचाऐंशी साली लग्न होऊन कार्डिफला आली. नवरा शशिधर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, ही युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये. आधी नुसती खोकी उचलली, मग याद्या केल्या, आणि पुढे जुने कागद कसे जपायचे याचा सहा आठवड्यांचा कोर्स शिकवायला लागली. दोन हजार अकरा साली त्या कोर्सला इराकमधल्या मोसुलहून सालिम आला. तिथल्या एका जुन्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल, पन्नाशीचा, अंगाने जाड, रुमालसुद्धा इस्त्री करून वापरणारा. दर रविवारी तो टिपणिसांकडे जेवायला यायचा. खिडकीबाहेरचा पाऊस बघून म्हणायचा, "तुमचं आभाळ गळतंय, आणि कौन्सिलला कुणी कळवत कसं नाही?" वैजयंतीला तो 'उस्ताझा' म्हणायचा, म्हणजे आपल्याकडे शाळेत 'बाई' म्हणतात तसं.

तीन वर्षांनी त्याचं शहर काळ्या झेंडेवाल्यांच्या हाती पडलं. पळता आलं ते पळाले. सालिमची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तो राहिला. महिनाभराने त्याचा निरोप आला, "उस्ताझा, मी कामावर जातो. ते मला याद्या करायला लावतात. कुठली पुस्तकं जाळायची, कुठली बाहेर विकायची. मी नाही केल्या तर दुसरा कुणी करेल, आणि त्याला पुस्तकं ओळखू येणार नाहीत."

तेव्हा दिवसा तो त्यांच्यासाठी याद्या करायचा आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन, जिथे फोन लागायचा त्या कोपऱ्यात उभं राहून, तीच यादी वैजयंतीला सांगायचा. कुठलं कपाट रिकामं झालं, कुठली पेटी कुठल्या ट्रकमध्ये चढली. नुसतं नाव नाही. कुठल्या पोथीच्या कितव्या पानावर पाण्याचा डाग आहे, कुठल्या पुस्तकाची शिवण लाल दोऱ्याची आहे, कुणाचा शिक्का कुठे पुसट झालाय. ही इकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर भराभर लिहून घ्यायची. हे सगळं तिनेच त्याला शिकवलं होतं. पुस्तक चोरीला गेलं तर ते नावावरून सापडत नाही, डागावरून सापडतं.

पुढे त्याने माणसं जोडून दिली. एक शिंपीण, एक भूगोलाचा मास्तर, एक सुईण, एक न्हावी. त्याच्यासकट सतरा. सालिम सोडला तर त्यांतल्या कुणालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. शाळेत चित्रं काढायची बंदी आली तेव्हा पोरांनी पाटीवर काय काढलं आणि कसं पुसलं, लग्नात ढोल नाही म्हणून बायका उशीत तोंड खुपसून गाणी कशी म्हणाल्या, कुणाच्या ओट्यावर कुणाला फटके बसले, असं सगळं ते सांगत राहिले. दोन वर्षं ती ऐकत होती. जेवताना मध्येच उठून जायची. शशिधर तिच्या ताटावर झाकण घालून ठेवायचा.

या सतरा जणांची खरी नावं कुठे लिहून ठेवायची? कॉम्प्युटरवर नको, कुणी उघडलं तर? शेवटी या बाईने काय करावं, पाककृतींच्या वहीत गोड्या मसाल्याचं पान काढलं. धणे, खोबरं, तीळ, मिरी, लवंग, नागकेशर, दगडफूल... एकेक जिन्नस म्हणजे एकेक माणूस. आणि पुढे जिथे प्रमाण लिहायचं तिथे त्या माणसाचं खरं नाव, मोडीत. सालिम म्हणजे दगडफूल. त्याला हे सांगितलं तेव्हा तो गच्चीवर मोठ्याने हसला आणि लगेच घाबरून गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "हे संपलं की माझं नाव लिहा हं. नुसतं सालिम नको. वडिलांचं, आजोबांचं, पूर्ण."

"लिहीन," ती म्हणाली.

दोन हजार सोळाच्या शरदात तीन आठवडे त्याचा फोन बंद होता. मग एका दुपारी त्याच्याच नंबरवरून निरोप आला. "मॅडम, तुमच्या यादीत कोणाकोणाची नावं आहेत?"

मॅडम! पाच वर्षांत तो तिला कधी मॅडम म्हणाला नव्हता. फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात होता. तिने फोनमधलं सगळं पुसलं, आवाज, फोटो, निरोप, सगळं. सिमकार्डाचे कात्रीने तुकडे केले. एवढ्यावर थांबायचं होतं. पण तिने वही काढली, गोड्या मसाल्याचं पान टराटरा फाडलं आणि गॅसच्या शेगडीवर धरलं. शशिधर बागेतून धावत आला तेव्हा सिंकमध्ये राख होती.

"अगं, काय जाळलंस?"

तिने सांगितलं.

"अगं वेडे," तो म्हणाला, "तुझी मोडी वाचायला ते काय पुण्याला क्लास लावणार होते?"

बोलला आणि जीभ चावली त्याने. पण खरंच होतं ते. फोन पुसला ते बरोबरच केलं, त्याने सोळा माणसं वाचली असतील. पान जाळायची काही गरज नव्हती. या गावात ते पान वाचू शकणारं माणूस एकच होतं, आणि तेच ते शेगडीवर धरून उभं होतं. घाबरलेल्या माणसाला अक्कल राहत नाही, दुसरं काय.

सालिमला त्यांनी त्या निरोपाच्या आठ दिवस आधीच मारलं होतं. हे कळायला पुढे वर्ष लागलं.

शहर सुटल्यावर तिने पुस्तक लिहिलं. सतरा जिनसांच्या नावांनी सतरा माणसं त्यात बोलतात, आणि शेवटी शंभर पानं सालिमच्या याद्या. सोळा जण अजून तिथेच राहत होते, आणि काळे झेंडे गेले तरी ते धरणारे हात गल्लीबोळांत होतेच. सालिमच्या नावावरून त्याने जोडलेली माणसं सापडतील, म्हणून तोही दगडफूलच राहिला. उद्या कुणी हिला गाठून नावं विचारू नयेत, म्हणून तिने प्रस्तावनेत एक वाक्य घातलं: या पुस्तकात बोललेल्यांची खरी नावं लेखिकेलाही ठाऊक नाहीत. पुराव्याशिवाय शब्द न लिहिणारी बाई, आणि तिने हे असं लिहिलं. लिहिताना तिला वाटलं होतं की खोटं असलं तरी ते कुणाच्या वाटेत येणार नाही.

गेल्या साली हदील दारात उभी राहिली. सालिमची मुलगी, तिशीतली, कार्डिफच्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट म्हणून नुकतीच लागलेली. हातात खजूर भरलेल्या बिस्किटांचा डबा. बसली, चहा घेतला, आणि मग म्हणाली, "खाला," म्हणजे मावशी, "एकच विचारायला आले. दगडफूल म्हणजे माझे बाबाच ना?"

"हो गं बाळा. तोच."

पोर हमसून हमसून रडली. मग तिने सगळं सांगितलं. मोसुलमध्ये सालिमला 'याद्यावाला' म्हणत. काळ्या झेंडेवाल्यांच्या कागदांचे गठ्ठे सापडले, त्यावर त्याचं अक्षर, त्याची सही. तेच लोकांनी पाहिलं. तो त्यांचा माणूस होता, त्याने पुस्तकं जाळायला दिली, असं गावात पक्कं झालं. त्याच्या बायकोकडे, उम्म हदील म्हणजे हदीलच्या आईकडे, शेजारपाजारच्या बायका येईनाशा झाल्या. धाकट्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. आता ग्रंथालय पुन्हा उभं राहतंय, वैजयंतीच्या पुस्तकातल्या याद्या हातात घेऊनच. त्यातल्या वाचनालयाच्या भिंतीवर, ज्यांनी पुस्तकं वाचवली त्यांची नावं लागणार आहेत. आईने अर्ज केला तर समितीने पुरावा मागितला.

"तुम्ही लिहून द्या, खाला," हदील म्हणाली. "आई सत्तरीची आहे. तिला एवढंच बघायचंय."

वैजयंतीने त्याच दिवशी पत्र लिहिलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं. समितीने फार सभ्यपणे तिच्याच प्रस्तावनेचं पान पाठवलं होतं, त्या एका वाक्याखाली लाल रेघ मारून. कोर्सचा ग्रुप फोटो होता, पण फोटोने फार तर ओळख सिद्ध होते. टिपणांत कुणाचंच नाव नाही. आवाज पुसलेले. पान जळलेलं. हिच्याच विद्यार्थ्याने असा कागद आणला असता तर हिनेच परत केला असता.

मग एकच रस्ता होता. ते वाक्य खोटं आहे, मीच लिहिलंय, असं जाहीर सांगायचं.

ईशिताने, म्हणजे तिच्या लेकीने, लंडनमधल्या ईलिंगहून फोनवर आकांत केला. ही सॉलिसिटर, जन्म इथलाच, मराठी जमेल तशी बोलते. "आई, नो! तुला माहीत आहे ना ती कोर्ट केस? त्या अँटीक डीलरच्या वेअरहाउसमध्ये मोसुलचे टू हंड्रेड बुक्स सापडले, आणि ते परत मागायला तुझा पुस्तक एकच एव्हिडन्स आहे. त्याचे लॉयर्स एकच गोष्ट शोधतायत. तू म्हणालीस की तो वाक्य खोटा, तर ते म्हणणार, सगळा पुस्तक खोटा."

"मग सालिमचं नाव?"

"आय नो, आई. आय नो. पण ही इज डेड."

"त्याची बायको जिवंत आहे ना!" वैजयंती ओरडली आणि फोन ठेवून दिला. तिचं ठरलं होतं. हदीलला तिने सांगून टाकलं, येत्या शनिवारी समितीची व्हिडिओवर बैठक आहे, तू माझ्या शेजारी बस, मी सगळ्यांसमोर खरं सांगणार.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी हदील, मागे ओट्याला टेकून शशिधर. पडद्यावर मोसुलमधली लांब खोली, अजून रंगाचे डबे पडलेले. समितीचे अध्यक्ष एक वयस्क निवृत्त न्यायाधीश. आणि त्यांच्या मागे भिंतीलगत खुर्चीवर काळ्या कपड्यांत एक बाई, हात मांडीवर, ताठ बसलेली. "आई," हदील पुटपुटली.

अध्यक्ष इंग्रजीत सावकाश बोलले. ही बैठक नोंदली जाते आहे, आणि ही नोंद कोर्टातही जाईल, हे मी आपल्याला आधीच सांगतो. मग त्यांनी पडद्यावर एक फोटो दाखवला. त्या वेअरहाउसमधून कोर्टाने तपासायला घेतलेली पोथी, वैद्यकावरची, सातशे वर्षांची. "आपल्या पुस्तकात लिहिलंय, नववी पेटी, लाल दोऱ्याची शिवण, एकेचाळिसाव्या पानावर पाण्याचा डाग, चिंचोळा, वर टोक." फोटोत एकेचाळिसावं पान होतं. डाग होता. टोक वर होतं.

सालिमने तो डाग सांगितला ती संध्याकाळ तिला आठवली. वारा होता, शब्द तुटत होते. "चिंचोळा," तो तीनदा म्हणाला होता. "नीट लिहा, उस्ताझा. ही परत आली पाहिजे."

"अशी दोनशे अकरा आहेत," अध्यक्ष म्हणाले. "पंधरा दिवसांनी सुनावणी. विरुद्ध बाजूचं म्हणणं एवढंच की लेखिका विश्वासार्ह नाही. म्हणून विचारतो. आपल्याला या लोकांची खरी नावं ठाऊक होती का?"

हदीलने टेबलाखाली तिचा हात धरला. पोरीचा हात गरम होता. मागे शशिधरचा श्वास ऐकू येत होता. पडद्यावरची बाई थोडी पुढे झुकली.

हो म्हटलं की सालिमचं नाव. कदाचित. हो म्हटलं की पोथ्या गेल्या. नक्की. ज्यासाठी तो रोज त्या माणसांसमोर मान खाली घालून बसला आणि रोज गच्चीवर चढला, ते गेलं. वैजयंतीला वाटलं, हो आणि नाही दोन्ही एकदम म्हणता यावं.

"नाही," ती म्हणाली. "मला नावं ठाऊक नव्हती."

"आणि आपलं पत्र?"

"मुलगी रडत होती. तिच्यासाठी लिहिलं. माझ्याकडे पुरावा नाही."

टेबलाखालचा हात सुटला. पडद्यावर कुणीतरी अरबीत भाषांतर केलं. उम्म हदील उठली नाही, रडली नाही. पुन्हा पाठ टेकून ताठ बसली. पडदा बंद झाला.

हदील कोट चढवायला लागली. वैजयंती मागे मागे दारापर्यंत गेली. "हदील, ऐक गं. त्या पोथ्या त्याच्याच..."

"आईला मी काय सांगू?"

"सांग, मी खोटं बोलले."

"ते तिला कळलं, खाला." पोरीचा आवाज अगदी शांत होता. "तिला वाटत होतं, अख्ख्या जगात एक माणूस तरी माझ्या नवऱ्याबद्दल खरं बोलेल. ते एक माणूस तुम्ही होता."

ती गेली. वैजयंती त्या दिवशी जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. शशिधरने भाताची पेज करून आणली तर त्याच्या अंगावर खेकसली, आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. "एकदा राख केली त्याच्या नावाची, आता थुंकले त्यावर. अहो, मी कोण आहे हो?"

शशिधर नुसता पाठीवरून हात फिरवत राहिला.

सुनावणी झाली. पोथ्या परत गेल्या, दोनशे अकराच्या दोनशे अकरा. ईशिताने फुलं पाठवली, ती तिने दाराबाहेरच ठेवली. मंडळातल्या मुलांना ती झूमवर मोडी शिकवायची, तो वर्ग बंद केला. मंडळाच्या अनुराधाने विचारलं तेव्हा म्हणाली, "पुरावा दाखवा म्हणायला आता माझी जीभ उचलत नाही." बातमीत नव्या वाचनालयाच्या भिंतीचा फोटो आला. तिने भिंग घेऊन नावं वाचली. बारा होती. तेरावं नव्हतं, हे माहीत असूनही दोनदा वाचली.

सात-आठ महिने हदीलचा काही पत्ता नव्हता. मग एका दुपारी फोनवर तिचा निरोप आला, वर नमस्कार नाही, खाली नाव नाही.

"आईने सांगायला सांगितलं म्हणून कळवते. ती दर गुरुवारी वाचनालयात जाते. सभासद झाली आहे. तिला वाचायला चष्मा पुरत नाही, नुसती बसते. तिथे सभासदांचं मोठं रजिस्टर आहे, बायकांनी नवऱ्याचं नाव लिहायचं असतं. कारकुनाने नाव ऐकलं आणि लेखणी खाली ठेवली. आई म्हणाली, मग मी लिहिते. तिने रजिस्टर ओढून घेतलं आणि लिहिलं. बाबांचं, आजोबांचं, पणजोबांचं. दोन ओळी लागल्या. कारकुनाने खाली शिक्का मारला."

वैजयंतीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. शशिधर पेपर वाचत होता, त्याने मान वर केली.

"काय गं? कुणाचा मेसेज?"

"सालिमचं नाव लिहिलं गेलं, हो. त्याच्या ग्रंथालयात. पूर्ण."

"अरे वा! कुणी लिहिलं?"

"त्याच्या बायकोने," ती म्हणाली. "मी नाही."